सैंधवाच्या खिडकीतून

गेल्या पावसाळ्यात तिशीतला एक कामगार दोन्ही हातांनी डोकं धरून ओपीडीत आला. डोकेदुखी, मळमळ आणि पायात गोळे आल्यासारखं वाटणं, एवढीच तक्रार. ताप नाही, रक्तदाब ठीक. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ९८ आकडा आला. कोविडनंतर हा आकडा घरोघरी पाठ झाला आहे. ९८ दिसलं की माणूस निश्चिंत होतो. त्याच्यासोबत आलेला मित्रही झाला. मी मात्र विचारलं, की कामावर आणखी कुणाचं डोकं दुखतंय का? दोघांचं दुखत होतं, त्याच पाळीतल्या.

पनवेलच्या आसपासच्या एका कारखान्यात हे तिघं गॅसिफायरवर होते. लाकडाचे तुकडे आणि तुसाचा दाबून केलेला पांढरा कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, त्यातून निघणारा गॅस पाइपातून भट्टीला न्यायचा, असं ते काम. बाहेर धो धो पाऊस, म्हणून शेडची दारं ओढून घेतलेली. कुठल्या तरी जोडातून गॅस झिरपत होता. त्या गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड तिघांच्या रक्तात उतरला होता. त्याला मास्कने पूर्ण ऑक्सिजन लावला, बाकी दोघांना बोलावून घेतलं. काही तासांत तिघंही बरे झाले.

जाताना त्याने एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात राहिली. त्यांच्या शेडच्या भिंतीवर एक डबा आहे. त्यावर कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन असे तीन आकडे दिवसभर हलत असतात. मग डब्याने आपल्याला सावध कसं केलं नाही, हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. पण तो डबा पाइपातला गॅस बघत होता. शेडमधल्या हवेत काय आहे हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

असाच एक डबा आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांच्या शेजारी असतो. त्याला कॅप्नोग्राफ म्हणतात. भूल दिलेल्या माणसाच्या प्रत्येक उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड किती, ते तो दाखवतो. दोन्ही डब्यांचा मूळपुरुष एकच. त्याचं नाव जॉन टिंडल.

टिंडलचा जन्म २ ऑगस्ट १८२० चा, आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातल्या लेग्लिनब्रिज या लहान गावातला. वडील पोलीस शिपाई, जोडीला चामड्याचा आणि जोड्यांचा किरकोळ धंदा. घरात पैसा नव्हता, पण वडिलांना वाचनाची गोडी होती आणि मुलाला शिकवायची जिद्द होती. गावच्या परिसरात एक चांगला गणिताचा मास्तर होता. त्याच्या हाताखाली भूमिती आणि जमीनमोजणी पक्की झाली. त्या भांडवलावर एकोणिसाव्या वर्षी टिंडल सरकारी मोजणी खात्यात लागला. आपल्याकडे भूमिअभिलेखच्या कचेरीत नव्या मुलाला साखळी धरायला लावत, तशातलीच ही नोकरी. १८४२ मध्ये त्याची बदली इंग्लंडमधल्या प्रेस्टनला झाली. तिथे आयरिश मदतनिसांना मिळणारा पगार आणि वागणूक पाहून त्याने तक्रार केली, सहकाऱ्यांना एकत्र आणलं, वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. १८४३ मध्ये त्याला कामावरून काढून टाकलं.

पुढची तीनेक वर्षं रेल्वेच्या मोजणीत गेली. इंग्लंडमध्ये तेव्हा रेल्वे कंपन्यांचं पेव फुटलं होतं आणि नकाशे मुदतीत पोचवायला माणसं रात्र रात्र जागत. ती लाट ओसरल्यावर १८४७ मध्ये तो हॅम्पशायरमधल्या क्वीनवूड कॉलेजात शिक्षक झाला. तिथे एडवर्ड फ्रँकलंड हा रसायनशास्त्रज्ञ त्याचा सहकारी होता. दोघांनी एकमेकांना आपापले विषय शिकवले आणि पुढच्याच वर्षी साठवलेले पैसे घेऊन दोघेही जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात गेले. तिथे रॉबर्ट बुन्सन शिकवत होते, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरवर ज्यांचं नाव आहे तेच. अठ्ठावीस वर्षांचा हा माणूस परक्या भाषेत पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करत दोन वर्षांत डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. झोप बिघडली ती साधारण या काळापासून, ती आयुष्यभर सुधारली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पदवी मिळाली तरी नोकरी मिळेना. टोरांटोला अर्ज केला, सिडनीला केला. दोन्हीकडून नकार आला. पण ११ फेब्रुवारी १८५३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला एका शुक्रवारच्या संध्याकाळी व्याख्यान द्यायची संधी मिळाली आणि ते व्याख्यान गाजलं. त्याच वर्षी तो तिथे प्राध्यापक झाला. मायकेल फॅरडे तिथलेच. लोहाराचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा एका छताखाली काम करू लागले. फॅरडे श्रद्धाळू ख्रिस्ती, टिंडल धर्मसंस्थेशी जाहीर भांडणं घेणारा. पण दोघांत कधी अंतर पडलं नाही.

१८५६ पासून टिंडल दर उन्हाळ्यात आल्प्स पर्वतात जाऊ लागला. निमित्त हिमनद्यांचं होतं. बर्फाची नदी सरकते कशी, हे त्याला शोधायचं होतं. पुढे तो पट्टीचा गिर्यारोहक झाला. १८६१ मध्ये वाइसहॉर्न शिखरावर सर्वांत आधी पाऊल ठेवणाऱ्या तुकडीत तोच होता. पण हिमनद्यांपाशी त्याला दुसराच प्रश्न चिकटला. सूर्याची ऊब हवेतून सरळ खाली येते. तापलेली जमीन ती परत आकाशाकडे पाठवते. मग ही परत जाणारी ऊब हवा अडवते का? अडवत असेल तर हवेतला नेमका कोणता घटक अडवतो?

ही ऊब म्हणजेच अवरक्त किरण. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. डोळ्याला न दिसणारे किरण असतात, एवढं त्यातून कळलं होतं. हे किरण काच आणि पाणी यांतून कसे जातात हे इटलीच्या मेलोनी यांनी मोजलं होतं. वायूंपाशी मात्र सगळे अडले होते, कारण परिणाम फार बारीक. टिंडलच्या आधी अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते, हे १८५६ मध्येच मांडलं. त्यांचा निबंध परिषदेत एका पुरुष शास्त्रज्ञाने वाचून दाखवला आणि विस्मृतीत गेला. टिंडलला तो ठाऊक होता की नाही यावर इतिहासकार आजही भांडतात. माझ्यापुरतं सांगायचं, तर वायूला ऊब अडवता येते याचा पहिला मान फूटबाईंचा. किती अडवतो आणि ती कोणती ऊब, हे मोजून दाखवण्याचा मान टिंडलचा.

मे १८५९ मध्ये त्याने कामाला हात घातला. पितळेची लांब नळी घेतली. तिची दोन्ही टोकं बंद करायची होती, पण काच लावून भागणार नव्हतं, कारण काच अवरक्त किरण स्वतःच अडवते. म्हणून त्याने दोन्ही टोकांना सैंधवाच्या चकत्या बसवल्या. उपासाच्या फराळात आपण घालतो तेच सैंधव. त्याचा मोठा स्वच्छ स्फटिक मिळाला, तर तो या किरणांना काचेपेक्षा कितीतरी पारदर्शक असतो. एका टोकाशी उकळत्या पाण्याचा डबा, दुसऱ्या टोकाशी थर्मोपाइल. थर्मोपाइल म्हणजे ऊब लागली की किंचित वीज निर्माण करणारी धातूच्या जोडांची चवड. ती वीज गॅल्व्हानोमीटरची सुई हलवते. नळीतून आलेली ऊब थर्मोपाइलच्या एका तोंडावर पडे, आणि दुसऱ्या तोंडासमोर त्याने उकळत्या पाण्याचा दुसरा डबा ठेवला. दोन्हीकडची ऊब सारखी असेल, तर सुई शून्यावर उभी राहते. आता नळीत वायू सोडला आणि त्याने थोडी जरी ऊब अडवली, तरी तोल जातो आणि सुई सरकते. सोनाराच्या तराजूचंच हे तत्त्व. एका मोठ्या उजेडातली बारीकशी घट शोधण्यापेक्षा दोन सारख्यांतला फरक शोधणं सोपं.

सांगायला सोपं आहे, करायला नव्हतं. सुई उगाचच भरकटायची. शोध घेता घेता लक्षात आलं, की गॅल्व्हानोमीटरच्या तारेवर गुंडाळलेलं रेशीम हिरवं होतं आणि त्या हिरव्या रंगात लोहाचा अंश होता. तेवढ्याने सुई बिथरत होती. पांढऱ्या रेशमाची तार आणल्यावर ती शांत झाली. मग हवेची पाळी. प्रयोगशाळेतली साधी हवा खूप ऊब अडवत होती. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकल्यावर तीच हवा जवळजवळ काहीच अडवेना. म्हणजे हवेचा बहुतेक भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन ऊब बिनदिक्कत जाऊ देतात, आणि अडवतो तो हवेतला अल्पसा भाग.

त्यानंतर त्याने नळीत कोल गॅस सोडला. लंडनचे दिवे तेव्हा दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेल्या गॅसवर जळत. काही वर्षांतच मुंबईच्या रस्त्यांवरही असे दिवे आले. हा गॅस डोळ्याला हवेसारखाच, संपूर्ण पारदर्शक. पण सुई झटक्यात सरकली. त्यात हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड असतात. माझ्या रुग्णाच्या शेडमध्ये पाइपातून वाहणारा गॅस याचाच चुलतभाऊ, फक्त दगडी कोळशाऐवजी लाकडातून आणि तुसातून आलेला. १० जून १८५९ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात टिंडलने हा प्रयोग लोकांसमोर करून दाखवला. अध्यक्षस्थानी राणी व्हिक्टोरियाचे पती होते. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याने एकेक वायू घेऊन तक्ता तयार केला. कोरड्या हवेला १ धरलं, तर कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड प्रत्येकी ९०, मिथेन ४०० च्या घरात आणि अमोनिया ११०० हून अधिक. हायड्रोजन पुन्हा १. गुलाब, चंदन अशा सुगंधांवरून वाहून आणलेली हवाही त्याने तपासली. नाकाला जेमतेम जाणवेल एवढा वास, पण साध्या हवेच्या कितीतरी पट ऊब अडवणारा.

असं का होतं, हे तेव्हा त्याला पुरतं सांगता आलं नाही, आज येतं. रेणू म्हणजे स्प्रिंगने बांधलेले अणू समजा. दोन्ही बाजूंचे अणू एकसारखे असतील, जसे ऑक्सिजनचे, नायट्रोजनचे किंवा हायड्रोजनचे, तर रेणू ताणला तरी त्याच्या विजेच्या तोलात फरक पडत नाही आणि अवरक्त किरणाला त्याला धरायला जागाच मिळत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या एका टोकाला कार्बन, दुसऱ्याला ऑक्सिजन. तो ताणला की तोल बदलतो आणि किरण पकडला जातो. शिवाय प्रत्येक स्प्रिंगची आपली ठरलेली लय असते, त्यामुळे प्रत्येक वायू ठरावीक लांबीच्या लहरीच गिळतो. कार्बन मोनॉक्साइड ४.७ मायक्रॉनच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड ४.३ च्या, मिथेन ३.३ च्या. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोणती लहर गायब झाली ते बघा, वायू ओळखता येतो. किती गायब झाली ते बघा, त्याचं प्रमाण कळतं. अवरक्त वर्णपटमिती म्हणतात ती एवढीच.

टिंडलकडे लहरी वेगळ्या करायचं साधन नव्हतं, म्हणून त्याने एक युक्ती काढली. मला या माणसाचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते इथे. कार्बन मोनॉक्साइड निळसर ज्योतीने जळतो आणि जळून कार्बन डायऑक्साइड होतो. त्या ज्योतीत तापलेला कार्बन डायऑक्साइड ज्या लहरी बाहेर टाकतो, नेमक्या त्याच लहरी थंड कार्बन डायऑक्साइड गिळतो. तेव्हा उकळत्या पाण्याच्या डब्याऐवजी कार्बन मोनॉक्साइडची ज्योत ठेवली, तर नळी फक्त कार्बन डायऑक्साइडबद्दल बोलेल. मग त्याने नळीत माणसाचा उच्छ्वास भरला. त्याचा मदतनीस विल्यम बॅरेट याने ही मोजणी पुढे नेऊन १८६४ मध्ये प्रसिद्ध केली. जुना मित्र फ्रँकलंड याने त्याच उच्छ्वासाचं रासायनिक पृथक्करण केलं; दोघांचे आकडे जवळजवळ जुळले. कुठलंही रसायन न वापरता, फक्त ऊब आरपार पाठवून माणसाच्या श्वासातला वायू मोजला गेला होता.

हीच युक्ती उलटी करून १९३८ मध्ये जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यात एर्विन लेहरर आणि कार्ल लुफ्ट यांनी यंत्र बनवलं. त्यांनी ज्योतीऐवजी किरण टिपणाऱ्या भागातच तो वायू भरून ठेवला, म्हणजे तो भाग आपल्याच जातीचे किरण टिपतो, बाकीच्यांना ओळखत नाही. कारखान्यातले वायू चालत्या कामात मोजायला ते यंत्र होतं. पुढे तीच जात दवाखान्यात आली. भूल देताना श्वासाची नळी श्वासनलिकेऐवजी चुकून अन्ननलिकेत गेली, तर काही मिनिटांत माणूस जातो; छातीला स्टेथोस्कोप लावूनही कधी कधी फसगत होते. कॅप्नोग्राफवर कार्बन डायऑक्साइडची लाट उमटली नाही, तर नळी चुकली हे चारदोन श्वासांत कळतं. मी शिकत होतो तेव्हा आमच्याकडे हे यंत्र नव्हतं, आणि त्या काळातल्या काही रात्री मला अजून आठवतात.

गॅसिफायरवर या यंत्राचं काम वेगळं. जुन्या पिढीतल्या वाचकांनी दुसऱ्या महायुद्धातल्या सर्व्हिस मोटारींबद्दल ऐकलं असेल. पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारीला मागे कोळशाची टाकी लावून तिच्या गॅसवर गाडी चालवत. क्लीनर उतरून पंखा फिरवायचा आणि निखारा फुलवायचा. तोच गॅसिफायर. पुढे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचं पाचट आणि बगॅस यांवर चालणारं असं यंत्र विकसित केलं. शेतात जाळून टाकतात त्या पाचटातून कारखान्याची भट्टी तापवता येते, हे त्यातून दिसलं. आत काय घडतं? थोड्या हवेत काही इंधन जळतं, त्याच्या उष्णतेने बाकीचं कोळसा होतं, आणि जळून झालेला कार्बन डायऑक्साइड त्या लालबुंद कोळशावरून जाताना मोनॉक्साइड होतो. पाण्याच्या वाफेतून हायड्रोजन सुटतो. साधारण १५ ते २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, जवळपास तेवढाच हायड्रोजन, एक ते तीन टक्के मिथेन, दहा-पंधरा टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. लाकूड ओलं निघालं, थरात पोकळी पडली किंवा हवा जास्त गेली, की मोनॉक्साइड उतरतो आणि डायऑक्साइड चढतो. मुरलेला कामगार ज्योतीच्या रंगावरून हे ओळखतो. अवरक्त यंत्र काही सेकंदांत आकड्यात सांगतं. मात्र टिंडलच्या तक्त्यातला हायड्रोजनचा १ आठवा. तो या यंत्राला दिसतच नाही, त्याला वेगळं उपकरण जोडावं लागतं. पाइपात बाहेरची हवा शिरून स्फोटाचा धोका झाला, तर तो ऑक्सिजनही या यंत्राला दिसत नाही. शिवाय गॅसमधलं डांबर आणि पाणी आधी गाळून काढलं नाही, तर खिडकी माखते आणि आकडे खोटे येतात. आमच्या कॅप्नोग्राफच्या नळीत पाणी साचलं की तोही असाच बरळतो.

आता त्या ९८ कडे येतो. ऑक्सिमीटर बोटातून एक तांबडा आणि एक अवरक्त किरण पाठवतो आणि त्यावरून ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन किती ते ठरवतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि तसं चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिमीटरच्या तांबड्या किरणाला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. दोनच रंगांनी पाहणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही. म्हणून माणूस गुदमरत असतानाही आकडा ९८ राहतो. खरं प्रमाण कळायला अनेक लहरींनी रक्त तपासणारं को-ऑक्सिमीटर लागतं, ते मोठ्या रुग्णालयात असतं. तेव्हा बंद खोलीत शेगडी, कोळशाची भट्टी, जनरेटर किंवा गॅस गिझर चालू असताना एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं, तर आधी सगळ्यांनी उघड्यावर या, मग दवाखान्यात जा आणि धुराबद्दल डॉक्टरांना सांगा. बोटावरच्या आकड्यावर विसंबू नका. आणि गॅसिफायरच्या शेडमध्ये पाइपावरच्या यंत्राखेरीज हवेतला मोनॉक्साइड बघणारा वेगळा अलार्म माणसाच्या वावराच्या जागी हवाच. त्याचा सेन्सर बहुधा अवरक्त नसून रासायनिक असतो. किमतीने तो कारखान्याला जड नाही.

टिंडलकडे परत येऊ. उरलेल्या आयुष्यात त्याने इतकी कामं केली की यादीच व्हायची. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडून त्याने हवेतली तरंगती धूळ दाखवली. त्या झोतात त्याने श्वास सोडला, तर शेवटी शेवटी बाहेर येणारी हवा झोतात काळं भोक पाडते, असं दिसलं. फुप्फुसाच्या तळातून आलेली ती हवा धुळीपासून मुक्त होती. धूळ आत अडकून राहिली होती. गिरणीत, खाणीत काम करणाऱ्यांच्या छातीत काय साठतं याचं इतकं साधं दर्शन मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यातूनच त्याने आग विझवणाऱ्यांसाठी मुखवटा तयार केला. ग्लिसरीनने भिजवलेला कापूस आणि लोणारी कोळसा यांच्या थरांतून हवा गाळली जाई. कोंडलेल्या दाट धुरात तो मुखवटा लावून माणसं बराच वेळ उभी राहिली. धूर तो अडवायचा, पण कोळसा कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवत नाही. म्हणजे डोळ्यांना झोंबणारं सगळं थांबायचं आणि ज्याला रंग नाही, वास नाही, ते आत जायचं. आज तोंडाला ओला रुमाल बांधून धुरात शिरणाऱ्यांचीही तीच गत होते.

धुळीतून तो जंतूंकडे वळला. लिस्टर आणि पाश्चर यांच्या बाजूने उभा राहिला, जे त्या वेळी लंडनच्या सगळ्या डॉक्टरांना मान्य नव्हतं. काही जंतू उकळूनही मरत नाहीत, त्यांचे बीजाणू शिल्लक राहतात. म्हणून एकदाच खूप उकळण्याऐवजी थोडं थोडं, अंतर ठेवून उकळायचं, म्हणजे बीजाणू जागे झाले की पुढच्या उकळीत मरतात, ही पद्धत त्याने १८७७ मध्ये मांडली. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात ती टिंडलायझेशन या नावाने होती आणि परीक्षेत हमखास विचारली जायची. नाव लिहून गुण मिळवले, माणूस कोण हे तेव्हा मी विचारलं नाही.

२९ फेब्रुवारी १८७६ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, त्याने लुइझा हॅमिल्टन यांच्याशी लग्न केलं. त्या सरदार घराण्यातल्या, तिशीच्या. मूलबाळ झालं नाही. लुइझा त्याच्या प्रयोगांत मदत करत, पत्रव्यवहार सांभाळत आणि तब्येतही सांभाळत. तब्येतीचं दुखणं मुख्यतः झोपेचं. १८८७ मध्ये तो निवृत्त झाला आणि सरे परगण्यात हाइंडहेडच्या टेकडीवर बांधलेल्या घरात राहू लागला. रात्री झोपेसाठी क्लोरल हायड्रेट आणि सकाळी पोटासाठी मॅग्नेशिया, असा शेवटच्या वर्षांतला क्रम होता. क्लोरलचा एक भाऊबंद, ट्रायक्लोफॉस, आम्ही आजही लहान मुलांना स्कॅनच्या आधी झोपवायला मोजून देतो. मात्रा चुकली तर ते श्वास आणि हृदय दोन्ही मंदावतं.

४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुइझांनी मॅग्नेशियाऐवजी क्लोरलची बाटली उचलली. त्याने घोट घेतला, चव गोड लागली आणि काय झालं ते दोघांनाही तिथल्या तिथे कळलं. त्याने स्वतः उलटी काढायचा प्रयत्न केला. डॉक्टर आले, पोट धुतलं, दिवसभर त्याला जागं ठेवायची खटपट केली. संध्याकाळी तो गेला. चौकशी झाली, अपघात असा निर्णय झाला, आणि कुणीही लुइझांना बोल लावला नाही.

मला या प्रसंगात दोष दिसतो तो बाटल्यांचा. औषध ओळखायला फक्त हाताची सवय आणि अंधूक लेबल असेल, तर ही चूक आज ना उद्या होणारच, कितीही प्रेमाचा हात असला तरी. एका रुग्णालयात मी पोटॅशियमच्या आणि साध्या पाण्याच्या सारख्याच दिसणाऱ्या कुप्या एका ट्रेमध्ये शेजारी शेजारी पाहिल्या आहेत. शिरेतून एकदम दिलेलं पोटॅशियम हृदय थांबवतं. त्या दिवशी काही घडलं नाही. आता अशा कुप्या वेगळ्या कपाटात, वेगळ्या रंगाच्या पट्टीने ठेवायचा नियम आहे. तो पाळला जातो का, हे बघायला मी अधूनमधून न सांगता वॉर्डात जातो. घरी काय असतं? आजीच्या गोळ्या, आजोबांच्या गोळ्या आणि फरशी पुसायचं औषध भरलेली शीतपेयाची बाटली, सगळं एकाच फळीवर.

लुइझा त्यानंतर ४७ वर्षं जगल्या. नवऱ्याचं चरित्र आपणच लिहायचं असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी त्याच्या डायऱ्या, पत्रं, प्रयोगांच्या वह्या गोळा केल्या, नकला करवून घेतल्या, तारखा लावल्या. मदत करू पाहणाऱ्यांना दूर ठेवलं. चरित्र काही लिहून झालं नाही. १९४० मध्ये, पंच्याण्णवाच्या घरात, त्या गेल्या. त्यांनी जमवलेल्या कागदांवरून दुसऱ्या दोघांनी लिहिलेलं टिंडलचं चरित्र १९४५ मध्ये छापून आलं.